परतीचा सामना

गेल्या वर्षी पावसाळा सरत आला असताना एका रविवारी रात्री भंडाऱ्याहून नागपूरला येत होतो. मौद्याजवळ एका ढाब्यावर चहासाठी थांबलो. समोर एक जीप उभी होती. तिच्या टपावर दोरीने बांधलेल्या पिशव्या, आणि मागच्या दाराला जाळीत अडकवलेले दोन फुटबॉल. आत ढाब्यावर दोन बाजा जोडून तेरा पोरे बसली होती. पायात चपला, अंगात एकाच रंगाचे बनियनवजा जर्सी, पोटऱ्यांवर वाळलेला चिखल. त्यांच्याबरोबरचा तरुण शिक्षक ढाबेवाल्याशी दाल फ्रायच्या प्लेटींचा हिशेब करत होता. पाच प्लेटींत चौदा जण कसे भागवायचे, असा तो हिशेब होता.

मला राहवले नाही. कुठली टीम म्हणून विचारले. "गोंदिया, काका." जिंकलात का? "कुठचं काका, तीन गोल खाल्ले." मग आता पुढची मॅच कधी? यावर सगळे हसले. त्यातला एक जण म्हणाला, "पुढच्या वर्षी." गुडघ्याला रुमाल बांधलेला एक मुलगा कोपऱ्यात बसला होता. तो म्हणाला, "माझी तर तेही नाही. फायनलला आहो मी."

पहाटे पाचला ते गोंदियाहून निघाले होते. सामना व्हायचा होता दहाला, झाला दुपारी दोनला. खेळले तासभर. मुक्कामाचा भत्ता मंजूर नव्हता म्हणून त्याच रात्री परत. बारा-साडेबाराला पोचू, असे सर म्हणाले. सर तासिका तत्त्वावर होते. महाविद्यालयाचे नाव छापू नका, असे त्यांनी न विचारताच सांगितले. मी काही छापणार आहे, हे त्यांना कशावरून वाटले कोण जाणे. पण तो दिवस तेव्हापासून डोक्यातून जात नाही, म्हणून हा लेख.

त्या मुलाचा हिशेब मांडून पाहा. तीन वर्षांची पदवी. दर वर्षी एक आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा. स्पर्धा बाद पद्धतीची, म्हणजे हरला तो घरी गेला. ३२ संघ उतरले तर त्यांतल्या १६ संघांचे वर्ष पहिल्याच सामन्यात संपते आणि आणखी आठांचे दुसऱ्या. हे कुणा अधिकाऱ्याचे पाप नाही, साधे अंकगणित आहे. पण या अंकगणितात लहान गावच्या, मैदान नसलेल्या, शिक्षक टिकत नसलेल्या महाविद्यालयाचा मुलगा तीन वर्षांत तीन सामने खेळतो. तीन तास. एवढ्या अवधीत पोहणेसुद्धा येत नाही.

मी स्वतः कॉलेजच्या संघातून खेळलो तो काळ वेगळा होता, असे म्हणण्याचा मोह होतो. तो आवरतो, कारण बाद पद्धत तेव्हाही होती. १९८१ च्या सप्टेंबरमध्ये आमचा सामना चंद्रपूरला पडला. तेव्हा नागपूर विद्यापीठ म्हणजे सबंध विदर्भ. बुलढाण्यापासून चंद्रपूरपर्यंत आठ जिल्हे. अमरावतीचे विद्यापीठ वेगळे झाले ते १९८३ मध्ये; गडचिरोलीला गोंडवाना विद्यापीठ २०११ मध्ये निघाले आणि चंद्रपूर तिकडे गेले. त्यामुळे आमच्या वेळी सामन्याची चिठ्ठी निघाली की आधी एस. टी.चे वेळापत्रक पाहावे लागे.

शनिवारी दुपारी लाल गाडीत चौदा जण बसलो. नागपूर, बुटीबोरी, जाम, वरोरा, भद्रावती, चंद्रपूर. दीडशे किलोमीटर, पण गाडी प्रत्येक फाट्यावर थांबणारी. जामला आलूबोंडे खाल्ले. तिथून रस्ता हिंगणघाटकडे वळतो की वरोऱ्याकडे, यावर अर्धा तास वाद झाला, कारण संघातल्या निम्म्या मुलांनी नागपूरच्या बाहेर दक्षिणेला पाऊल टाकलेले नव्हते. त्यांत मीही होतो. वरोरा आले तेव्हा पाऊस सुरू झाला. सरांनी खिडकीतून हात दाखवून सांगितले, इकडे आनंदवन. अंधारात आम्हाला काहीच दिसले नाही, पण सगळ्यांनी मान वळवली.

संघ कसा होता ते सांगितले पाहिजे. गोलकीपर अजनीच्या रेल्वे खलाशाचा मुलगा. डावा आघाडीवीर कामठीचा. त्याच्या घरी विड्या वळत. मधल्या फळीतल्या एकाचे वडील एम्प्रेस मिलमध्ये तिसऱ्या पाळीला. आणि एक धरमपेठेतल्या वकिलाचा मुलगा, ज्याच्याकडे संघातले सर्वांत चांगले बूट होते. चौदा जणांत बुटांचे जोड नऊ. उरलेले कॅनव्हासच्या जोड्यांवर. बदली खेळाडू आत जायचा म्हणजे बाहेर येणाऱ्याने आधी कडेला बसून नाड्या सोडायच्या, आणि माप जमले नाही तर पुढे कापूस भरायचा. पंच थांबत. पंचही त्यातूनच गेलेले असत.

मुक्काम यजमान महाविद्यालयाच्या वर्गात. बाके जोडून त्यावर सतरंज्या. फळ्यावर कुणीतरी अर्धवट पुसलेली समीकरणे होती. जेवण म्हणजे वरण-भात, पोळ्या आणि वांग्याची भाजी. यजमान संघातल्या मुलांनीच वाढले. वकिलाच्या मुलाला बाहेरचे पाणी पिऊ नको म्हणून घरून तंबी होती. त्याने तांब्याकडे दोनदा पाहिले आणि कामठीवाल्यानंतर तोंड लावून प्यायला. कुणी काही बोलले नाही. बोलण्यासारखे काही घडले आहे, हेही आम्हाला त्या वयात कळले नसावे. पहाटे जाग आली तेव्हा कामठीचा मुलगा व्हरांड्यात नमाज पढत होता आणि एम्प्रेस मिलवाल्याचा मुलगा शेजारी बसून त्याच्या बुटांतला चिखल काडीने काढत होता. आम्ही चार वर्षे एका वर्गात बसून एकमेकांना जेवढे ओळखले नसते तेवढे त्या रात्रीत ओळखले. हे मी भावुक होऊन सांगत नाही. घरापासून दूर, अनोळखी गावात, सगळे आपल्याविरुद्ध असताना कोण कसा वागतो हे कळायला दुसरा स्वस्त मार्ग मला अजून सापडलेला नाही.

सामना आम्ही हरलो, एक-शून्य. आणि तो गोल माझ्यामुळे झाला. मी उजव्या बगलेवर बचावाला होतो. मैदान काळ्या मातीचे. रात्रभर पडलेल्या पावसाने जागोजागी डबकी. चेंडू माझ्याकडे येत होता आणि येईल म्हणून मी उभा राहिलो. तो डबक्यात थांबला. त्यांचा डावा आघाडीवीर थांबला नाही. त्याला ते डबके ठाऊक होते! बल्लारपूरच्या कागद कारखान्यातल्या कामगाराचा तो मुलगा रोज त्या मैदानावर यायचा. परगावच्या मैदानावर खेळणे म्हणजे काय, ते त्या एका क्षणात मला जेवढे कळले तेवढे कोणत्याही शिबिरात कळले नसते. पुढे आयुष्यात अनेक ठिकाणी, अनेक कचेऱ्यांत, मी चेंडू येईल म्हणून उभा राहिलेलो नाही.

सामना संपल्यावर तो माझ्याजवळ आला. खिशातून गूळ-शेंगदाण्याची पुडी काढली, अर्धी माझ्या हातावर ओतली. म्हणाला, पुढच्या वर्षी तुमच्या मैदानावर. मी म्हणालो, बघतोच तुला. पुढच्या वर्षी त्यांची चिठ्ठी यवतमाळला निघाली, आम्ही पहिल्याच फेरीत घरच्या मैदानावर हरलो, मी पदवीधर झालो आणि संपले. तो सामना व्हायचाच राहिला. मला आजही चंद्रपूरच्या हरण्यापेक्षा ते राहणे जास्त लागते.

आता थोडे मागे जाऊन पाहू. नागपुरात फुटबॉल आला तो छावणीतून आणि शाळांतून. कामठीची छावणी १८२१ ची. गोऱ्या पलटणी खेळत, देशी लोक कडेला उभे राहून पाहत आणि मग स्वतः खेळू लागत. हिंदुस्थानात बहुतेक ठिकाणी हा खेळ असाच झिरपला. इथे त्याला मिशनरी शाळा-कॉलेजांची जोड मिळाली. १८८३ चे हिस्लॉप कॉलेज, त्याआधीची सेंट फ्रान्सिस डी सेल्स शाळा. रेल्वे आली, रेल्वेच्या वसाहती आल्या. कामठीच्या रब्बानी क्लबचे नाव आजही घेतले जाते. म्हणजे मुळे नाहीत असे नव्हे. कामठीच्या गल्लीत मुलाला चालता येण्याआधी चेंडू कळतो, असे तिथले लोक सांगतात आणि मी ते खोटे मानत नाही.

मग एवढे असून विदर्भाचा फुटबॉल दिसत का नाही? इथे शेजारचे उदाहरण घेण्याजोगे आहे. विदर्भाचा क्रिकेट संघ १९५७-५८ पासून रणजी स्पर्धेत स्वतःच्या नावाने खेळत आला. साठ वर्षे त्याने काही जिंकले नाही. लोक हसत. पण दर हंगामात त्याला साखळीतले चार-पाच सामने ठरलेले असत. हरला तरी पुढचा सामना असे; आज परगावी, उद्या नागपूरला. पिढ्यान् पिढ्या हरून त्या संघाला प्रवास, खेळपट्ट्या आणि प्रतिस्पर्धी कळत गेले. २०१७-१८ मध्ये इंदूरला दिल्लीला हरवून तो रणजी विजेता झाला, पुढच्या वर्षी पुन्हा झाला, आणि २०२४-२५ मध्ये तिसऱ्यांदा. याचे श्रेय प्रशिक्षकांना, अकादमीला, पैशालाही आहेच. मी नाकारत नाही. पण पहिल्याच पराभवाला घरी पाठवणारी व्यवस्था असती तर प्रशिक्षकांच्या हाती शिकवायला कोण उरले असते?

फुटबॉलमध्ये विदर्भ नावाचा संघ राष्ट्रीय स्पर्धेत नाही. संतोष करंडकात महाराष्ट्र खेळतो आणि त्यासाठी नागपूरच्या मुलाला आठशे किलोमीटरहून लांब असलेल्या मुंबईच्या नजरेत भरावे लागते. म्हणून पश्चिम विभागीय आंतरविद्यापीठ स्पर्धेत जाणारा विद्यापीठाचा संघ हाच एका अर्थी आमचा प्रांतिक संघ. आणि तो निवडायचा कसा? बाद पद्धतीच्या त्याच स्पर्धेतून. मौद्याच्या ढाब्यावरच्या मुलांत एखादा खरा खेळाडू असेल तर त्याला निवडकर्त्यांपुढे मिळालेला वेळ साठ मिनिटांचा, तोही एकोणीस तासांच्या दगदगीतला.

जाता जाता एक गंमत. महाराष्ट्र एक्सप्रेस ही गाडी गोंदियाहून निघून कोल्हापूरला जाते. तेराशे किलोमीटरहून अधिक अंतर, सगळे एकाच राज्यात. तिच्या एका टोकाला ही तेरा मुले आणि दुसऱ्या टोकाला फुटबॉलवेडे कोल्हापूर, जिथे पेठापेठांचे तालीम संघ शाहू स्टेडियमवर साखळी सामने खेळतात आणि पेठकरी त्यावर वर्षभर भांडतात. कोल्हापूरच्या पोरांचा खेळ आपल्या पोरांपेक्षा उपजत चांगला आहे, असे मी मानायला तयार नाही. त्यांना सामने जास्त मिळतात, एवढेच.

नागपूरने फुटबॉलमध्ये जगाला दाखवण्यासारखे एक काम केले आहे आणि तेही विद्यापीठाच्या चौकटीबाहेर. हिस्लॉप कॉलेजचे क्रीडा शिक्षक विजय बारसे यांनी २००१ च्या पावसात झोपडपट्टीतली मुले फुटक्या बादलीला लाथा मारून खेळताना पाहिली आणि त्यातून झोपडपट्टी फुटबॉल उभे राहिले. पुढे 'स्लम सॉकर' या नावाने ते जगभर गेले. २०१६ मध्ये फिफाने त्याला विविधतेसाठीचा पुरस्कार दिला. नागराज मंजुळे यांचा 'झुंड' २०२२ मध्ये आला तो या कामावर बेतलेला. त्या चित्रपटात वस्तीतल्या मुलांना परदेशी स्पर्धेला जायचे असते, आणि सारा उत्तरार्ध पासपोर्टच्या कागदांपाशी अडतो. पाहताना मला वाटले, खेळाहून अवघड जर काही असेल तर ते सामन्याच्या जागी पोचणे. बेघरांचा विश्वचषक असो की आंतरमहाविद्यालयीन फेरी असो, गरिबाच्या मुलाचा पहिला प्रतिस्पर्धी अंतर हा असतो.

जगात हे कसे चालते? अमेरिकेत कॉलेजांचे संघ गट पाडून साखळी खेळतात. शनिवार-रविवारी बसने दुसऱ्या गावी जायचे, खेळायचे, आणि तिकडचा संघ नंतर आपल्याकडे यायचा. याची सुरुवात मजेदार आहे. ६ नोव्हेंबर १८६९ ला प्रिन्स्टन कॉलेजची मुले आगगाडीने रटगर्स कॉलेजच्या गावी गेली. प्रत्येक बाजूला २५ खेळाडू, नियम आजच्या फुटबॉलच्या जवळचे. रटगर्स सहा-चारने जिंकले. हरलेले बाद झाले नाहीत. आठवड्याने प्रिन्स्टनच्या मैदानावर परतीचा सामना झाला आणि प्रिन्स्टनने आठ-शून्यने वचपा काढला. तिसरा सामनाही ठरला होता, पण तो झाला नाही; मुलांचे अभ्यासाकडे दुर्लक्ष होते, असे प्राध्यापकांना वाटले असे सांगतात. प्राध्यापक सगळीकडे सारखेच. पण ते दोन सामने झाले, हे महत्त्वाचे.

माझी मागणी फार मोठी नाही. अकादमी नको, कृत्रिम हिरवळ नको. जिल्ह्यात किंवा लगतच्या दोन जिल्ह्यांत चार-चार महाविद्यालयांचे गट पाडा. प्रत्येकाने प्रत्येकाशी दोनदा खेळावे, एकदा घरी, एकदा परगावी. चारांच्या गटात प्रत्येक संघाला सहा सामने मिळतील, त्यांतले तीन परगावचे. मग गटविजेत्यांची खुशाल बाद स्पर्धा भरवा. गोंदियाचा संघ भंडाऱ्याला जाईल, साकोलीला जाईल. नागपूरपर्यंत पोचेल तेव्हा तीन परगावची मैदाने त्याने पाहिलेली असतील.

यावर दोन उत्तरे येतात. पहिले, पैसा नाही. प्रत्येक विद्यार्थी प्रवेशाच्या वेळी क्रीडा शुल्क भरतो. जो कधी मैदानावर जात नाही तोही भरतो. त्याचा हिशेब महाविद्यालयाच्या फलकावर दरवर्षी लावावा, मग पैसा आहे की नाही यावर बोलू. शिवाय यजमानांनी वर्गात झोपवून वरण-भात वाढला तर खर्च एस. टी.च्या तिकिटांचाच उरतो. दुसरे उत्तर, वेळ नाही. हे जास्त खरे आहे. सत्र पद्धती आल्यापासून वर्षातून दोनदा परीक्षा आणि मध्ये अंतर्गत चाचण्या. खेळणाऱ्या मुलाची चाचणी बुडते आणि ती पुन्हा घ्यायची की नाही हे त्या त्या शिक्षकाच्या मर्जीवर राहते. नव्या शैक्षणिक धोरणाच्या आराखड्यात खेळाला अभ्यासपूरक विषय म्हणून श्रेयांक आहेत. चांगली गोष्ट आहे. पण हे श्रेयांक खेळावरची टिपणे लिहून मिळणार असतील आणि सामन्याला गेल्यावर हजेरी कापली जाणार असेल तर आपण नेमके कशाला श्रेय देत आहोत? शनिवार-रविवार मोकळा असतो. सहा सामन्यांना सहा शनिवार-रविवार लागतील, म्हणजे दोन महिन्यांतले थोडे दिवस.

एक आक्षेप मात्र मी गंभीरपणे घेतो. एका प्राचार्य बाईंनी तो मांडला. त्या म्हणाल्या, मुलांचे तुम्ही सांगता ते ठीक, मुलींचे काय? मुक्कामाचा सामना म्हटला की निम्म्या मुलींना घरून परवानगी मिळत नाही, आणि बरोबर जायला शिक्षिका हवी तर ती आणायची कुठून. त्यांच्या मते बाद पद्धतीत निदान एकदा हो म्हणवून घेता येते. सहा वेळा कोण हो म्हणेल? मला याचे पुरते उत्तर नाही. एवढेच वाटते की, एकदाच मागितलेली परवानगी ही मेहरबानी असते. दर पंधरा दिवसांनी मागावी लागली की घरच्यांना तिची सवय होते. जवळची गावे एका गटात घातली तर मुलींचे सामने दिवसाउजेडी जाऊन-येऊन होतील. मुक्काम असेल तिथे यजमान महाविद्यालयाच्या वसतिगृहात सोय व्हावी. बाई म्हणाल्या, कागदावर सगळे जमते. मी गप्प बसलो. त्यांनी वीस वर्षे मुलींचे संघ नेले आहेत, मी नाही.

आणि रात्रीचा प्रवास तेवढा थांबवा. यासाठी पद्धत बदलण्याचीही गरज नाही. पहाटे पाचला उठलेला चालक मध्यरात्री तेरा दमलेली मुले घेऊन महामार्गावरच्या ट्रकांमधून जीप हाकतो, आणि कारण काय, तर मुक्कामाचा भत्ता मंजूर नाही. रस्ते चांगले झाले आहेत, हे खरे. त्यामुळे वाहनांचा वेगही वाढला आहे.

मौद्याच्या ढाब्यावर मी मुलांना चहा पाजू का म्हणून विचारले. सर संकोचले, मुले नाही. गुडघ्याला रुमाल बांधलेल्या मुलाला मी विचारले, कुठल्या जागी खेळतोस? उजव्या बगलेवर, बचावाला, म्हणाला. पहिला गोल कसा झाला ते त्याने हातातल्या बशीने बाजेवर दाखवले. मैदान आमच्याहून मोठे होते, काका, म्हणाला, चेंडू बाहेर जाईल असे वाटले अन् तो गेलाच नाही. मी त्याला डबक्याची गोष्ट सांगणार होतो, तेवढ्यात चालकाने हॉर्न दिला.

सरांनी जीपच्या दाराशी उभे राहून मुले मोजली. बारा भरली. पुन्हा मोजली, पुन्हा बाराच. तेरावा ढाब्यामागच्या हातपंपावर होता. जाळीतला एक चेंडू काढून तो त्याच्यावरचा चिखल धूत होता.